शितावरून भाताची परीक्षा

आमच्या घरी कुठलीही नवी वस्तू आली की तिच्यावर हळदकुंकू पडायच्या आधी तिची परीक्षा होते. परीक्षक अर्थात आजोबा. छत्री आणली तर ती दारातच पन्नास वेळा उघडून मिटायची. दप्तर आणलं तर त्यात विटा भरून ते खुंटीला रात्रभर टांगून ठेवायचं. एकदा तुळशीबागेत मी एक पर्स पसंत केली आणि आजोबांनी तिची चेन सर्रसर्र पुढंमागं ओढायला सुरुवात केली. दुकानदार काकुळतीला येऊन म्हणाला, "आजोबा, पर्स घ्यायची आहे की मोडायची आहे?" आजोबा शांतपणे म्हणाले, "मोडणार तर आहेच. कधी, तेवढंच बघतोय."

लहानपणी मला या सगळ्याची लाज वाटायची. आजीला मात्र त्याची सवय झाली होती. ती आल्यागेल्याला सांगायची, "लोकांचे नवरे कारखान्यात जाऊन वस्तू बनवतात. आमचे हे पस्तीस वर्षं नुसत्या मोडत बसले आणि वर त्याचा पगारही घेतला!"

आजीचं म्हणणं अक्षरशः खरं होतं. 1968 ते 2003 अशी पस्तीस वर्षं आजोबा चिंचवडच्या बाजूच्या एका कारखान्यात 'टेस्टिंग'ला होते. कारखान्यात विजेच्या मोटारींचे स्टार्टर आणि स्विच तयार होत. बाकीचे लोक ते जोडायचे आणि आजोबांच्या खोलीत ते निकामी करायचे. एक यंत्र स्टार्टरचं बटण दाबायचं, सोडायचं, पुन्हा दाबायचं, आणि बाजूचा आकडेमोज्या टक्टक् करीत पुढं सरकायचा. दुसऱ्या कपाटात मिठाच्या पाण्याचा फवारा चालू असायचा, कोकणातल्या हवेत पत्रा किती टिकतो ते बघायला. तिसरीकडं एक टेबल नुसतं थरथरत असायचं. त्यावर बांधलेल्या वस्तूचे स्क्रू किती दिवसांत ढिले होतात ते मोजायचं. आणि एक भट्टी होती. तिच्यात वस्तू तापवत ठेवायच्या, म्हणजे पाच वर्षांचं म्हातारपण पाच महिन्यांत यायचं.

या भट्टीचं मला फार कुतूहल वाटे. काळ असा घाईघाईनं पुढं कसा ढकलता येतो? आजोबांनी उत्तर दुधावरून दिलं. "मे महिन्यात सकाळचं दूध दुपारी नासतं आणि डिसेंबरात रात्रीपर्यंत टिकतं, हे आजीला कुणी शिकवलं? उष्णता वाढली की आतल्या घडामोडी लवकर होतात, एवढंच." हीच गोष्ट अऱ्हेनियस नावाच्या स्वीडिश शास्त्रज्ञानं 1889 साली सूत्रात मांडली. कारखान्यातली माणसं तिचा ढोबळ हिशेब वापरतात, दहा अंश वाढले की आयुष्य निम्मं. सगळ्या वस्तूंना तो लागू पडत नाही, पण विजेच्या पुष्कळशा भागांना अंदाजापुरता चालतो.

आम्ही गोखलेनगरला राहतो. संध्याकाळी आजोबांबरोबर टेकडीवर जायचं हा माझा शाळेपासूनचा नेम. वेताळ टेकडीवर 1966 साली स्थापन झालेली ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया ही संस्था आहे, म्हणून टेकडीच्या त्या भागाला लोक 'एआरएआय टेकडी'च म्हणतात. फिरायला येणाऱ्यांपैकी बहुतेकांना तिथं मोर दिसतात की नाही यातच रस असतो. आजोबांना मात्र कुंपणापलीकडच्या इमारती बघून माहेर दिसल्यासारखं व्हायचं. गाड्यांची इंजिनं, त्यांचे सुटे भाग, धूर, सुरक्षितता, सगळ्याची परीक्षा तिथं होते. "आपल्या गावाच्या डोक्यावर परीक्षकांचं घर आहे," ते म्हणायचे, "आणि खाली गावात आपण बिनपरीक्षेच्या वस्तू घेऊन फिरतो."

याच टेकडीवर एकदा त्यांनी काठीनं मातीत एक रेघ काढली. डावीकडून उतरती, मध्ये लांबच लांब सपाट, उजवीकडं पुन्हा चढती. इंग्रजी पुस्तकांत हिला न्हाणीच्या टबचा आलेख म्हणतात. आजोबा म्हणाले, "टब कुणी पाहिलाय? हे आपलं घंगाळ." हजारो वस्तू एकदम वापरायला काढल्या तर पहिल्या काही दिवसांत बऱ्याच मोडतात. ज्यांच्या घडणीतच काही चुकलं, त्या या. हा घंगाळ्याचा डावा काठ. मग पुष्कळ काळ अगदी थोड्या मोडतात, त्याही अपघातानं, काही विचित्र ताण आला तर. हा तळ. शेवटी झिजून, थकून, गंजून भराभर जायला लागतात. हा उजवा काठ. परीक्षा घेणाऱ्याचं काम एवढंच, की डावा काठ कारखान्यातच उरकावा आणि उजवा काठ किती दूर आहे ते गिऱ्हाइकाला खरं सांगावं.

ही रेघ काढून झाल्यावर ते बराच वेळ खाली शहराकडं पाहत राहिले. मग म्हणाले, "पानशेत म्हणजे डावा काठ गं."

12 जुलै 1961 ला आजोबा सोळा वर्षांचे होते. नारायण पेठेत नदीजवळच्या वाड्यात त्यांचं बिऱ्हाड होतं. पानशेतच्या मातीच्या धरणाचं काम अजून पुरं व्हायचं होतं आणि पहिल्याच पावसाळ्यात त्यात पाणी चढलं. ते फुटलं, आणि त्याचा लोंढा खडकवासल्याच्या धरणावर येऊन आदळला. खडकवासल्याचं दगडी धरण ऐंशी वर्षांहून जुनं, पण इतका भार आपल्यावर येईल असं त्याला कुणी सांगितलं नव्हतं, तेही फुटलं. म्हणजे एक धरण बाळपणी गेलं आणि दुसरं धडधाकट असताना अपघातानं. आजोबांचं बिऱ्हाड अंगावरच्या कपड्यांनिशी बाहेर पडलं आणि पुढं गोखलेनगरच्या निसेन हटमध्ये येऊन राहिलं. पत्र्याची, अर्ध्या पिंपासारखी ती घरं. "त्या पत्र्याखाली झोपताना मी एकच विचार करायचो," आजोबा म्हणाले, "की कुणीतरी आधी सांगायला हवं होतं." त्यांनी पुढं टेस्टिंगची नोकरी धरली आणि बढतीची संधी आली तरी सोडली नाही, याचं कारण मला त्या दिवशी कळलं.

बी. ए. ला मी अर्थशास्त्राबरोबर संख्याशास्त्र घेतलं, तेव्हा घरात सगळ्यांत जास्त आनंद आजोबांना झाला. पुणे विद्यापीठात 1953 साली संख्याशास्त्र विभाग उभा राहिला तो प्रा. व. शं. हुजुरबाजार यांच्या हातून, हे त्यांनी मला मी पहिल्या तासाला जाण्यापूर्वीच ऐकवलं. मग त्यांनी त्यांचा लाडका माणूस माझ्या ओळखीचा करून दिला. वालोदी वायबुल. हाही स्वीडिशच, 1887 ते 1979. साखळी तुटते ती तिच्या सगळ्यांत दुबळ्या कडीपाशी, या साध्या विचारावर त्यानं एक सूत्र बसवलं आणि 1951 साली प्रसिद्ध केलेल्या लेखात ते निरनिराळ्या गोष्टींना लावून दाखवलं. त्यात पोलाद आहे, ब्रिटिश बेटांतल्या पुरुषांची उंची आहे, घेवड्याच्या दाण्यांची रुंदी आहे, आणि भारतीय कापसाच्या तंतूंची ताकदही आहे! कुठल्या तरी काळ्या मातीतल्या बोंडाचा धागा ताणला गेला आणि त्यावरून जगभरच्या वस्तूंचं आयुष्य सांगणाऱ्या सूत्राची परीक्षा झाली, याचं मला मोठं नवल वाटलं. या सूत्रातला एक आकडा एकापेक्षा कमी आला तर वस्तू बाळपणी मोडताहेत, बरोबर एक आला तर निव्वळ दैवयोगानं, आणि एकापेक्षा जास्त आला तर झिजून. आजोबांचं अख्खं घंगाळ त्या एका आकड्यात मावतं.

आता खरी गोष्ट सांगायची ती पुढंच आहे.

दुसऱ्या वर्षाला असताना वर्गात एक उदाहरण सोडवलं. समजा एखाद्या मालात दर दहा नगांत एक खराब आहे. त्यातले बारा नग तपासले, तर बाराच्या बारा चांगले निघण्याचा संभव किती? उत्तर निघतं शेकडा अठ्ठावीस. म्हणजे इतका वाईट माल असूनही शंभरांतल्या अठ्ठावीस परीक्षांत परीक्षकाला एकही खोट दिसणार नाही. सरांनी पुढचा हिशेबही सांगितला. शंभरात एकाहून कमी नग खराब आहेत असं शेकडा पंच्याण्णव खात्रीनं म्हणायचं असेल, तर 299 नग तपासून सगळेच्या सगळे चांगले निघायला हवेत. मला ते इतकं गमतीचं वाटलं की घरी येऊन चपला काढता काढताच मी आजोबांना म्हटलं, "आजोबा, शितावरून भाताची परीक्षा ही म्हण चुकीची आहे! बारा शितांवरून काहीच कळत नाही."

आजोबा हसतील असं मला वाटलं होतं. ते उठले, त्यांच्या टेबलाचा खालचा खण उघडला आणि फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी माझ्या हातात दिलं. एका जुन्या स्टार्टरच्या आतला भाग होता तो. दोन कॉन्टॅक्ट एकमेकांत वितळून चिकटलेले.

"बारा म्हणालीस ना? आमचेही बाराच होते," ते म्हणाले.

गोष्ट 1979 ची. नव्या स्टार्टरचे बारा नमुने त्यांच्याकडं आले होते. प्रत्येकाची एक लाख आवर्तनं करायची असं ठरलेलं. मिनिटाला सहा, दिवसरात्र, म्हणजे साडेअकरा दिवसांचं काम. सातव्या दिवशी साठ हजारांवर आकडा असताना वरून निरोप आला, माल पाठवायचा आहे, जेवढं झालं तेवढ्यावर अहवाल द्या. आजोबांनी लिहिलं : 12 नमुने, 60,000 आवर्तनं, बिघाड आढळला नाही. यातला शब्दन्शब्द खरा होता. टाइप होऊन तो कागद बाहेर पडला तेव्हा त्याच्यावर फक्त 'चाचणीत उत्तीर्ण' एवढंच होतं. आजोबांनी तो वाचला आणि सही केली.

दुसऱ्या उन्हाळ्यात स्टार्टर परत यायला लागले. खेड्यापाड्यांतून. कारखान्यातल्या टेबलावरची वीज शहाणी होती, ठरल्या दाबाची, कधी न डगमगणारी. गावातली वीज संध्याकाळी सगळे पंप एकदम सुरू झाले की लुकलुकायची. दाब कमी झाला की स्टार्टरचं चुंबक नीट धरेना, कॉन्टॅक्ट थडथडत राहायचे, ठिणग्या उडायच्या आणि शेवटी ते एकमेकांना चिकटायचे. मग लाल बटण दाबलं तरी मोटार थांबायची नाही. एका गावातल्या पिठाच्या गिरणीवाल्यानं बटण दाबलं, मोटार थांबणार असं धरून चालला आणि पट्ट्याला हात लावला. त्याची दोन बोटं गेली.

"मला कुणी काही बोललं नाही," आजोबा म्हणाले. "माझा कागद बिनचूक होता. पण 'बिघाड आढळला नाही' आणि 'बिघाड होणार नाही' या दोन वाक्यांत केवढी दरी आहे, ते त्या इमारतीत फक्त मला ठाऊक होतं. आणि मी सही केली. तुझी म्हण चुकीची नाही गं. एका पातेल्यात, एका आचेवर शिजलेल्या भाताला ती लागू आहे. आम्ही शीत घेतलं आमच्या पातेल्यातलं आणि भात होता दुसऱ्याच चुलीवरचा."

ते त्या गिरणीवाल्याला भेटायला स्वतःच्या खर्चानं गेले होते, हे मला आजीनं नंतर सांगितलं. तिथं काय बोलणं झालं ते त्यांनी तिलाही सांगितलेलं नाही. त्यानंतर मात्र निवृत्त होईपर्यंत चाचणी मध्येच थांबवल्याचा कागद असेल तर त्यावर 'चाचणी अपुरी' असं ते स्वतःच्या हातानं लिहीत आणि मगच सही करीत. बढती सोडली असं मी वर म्हटलं आहे. ती या दोन शब्दांमुळं सुटली की आजोबांनी सोडली, ते मी विचारलेलं नाही.

आजोबांच्या छातीत 2014 साली पेसमेकर बसला. नाडी अचानक मंद होऊन ते टेकडीवरच खाली बसले होते. ऑपरेशनच्या आधी सगळे जण डॉक्टरांना विचारत होते, "धोका नाही ना?" आजोबांनी विचारलं, "हजारात किती बंद पडतात? आणि कशानं?" डॉक्टर तरुण होते. ते म्हणाले, "आजोबा, अजिबात काळजी करू नका." आजोबांचा चेहरा पडला. पस्तीस वर्षं ज्यांनी आकडे दिले, त्यांना आकड्याऐवजी धीर मिळाला होता. डॉक्टरांच्या ते लक्षात आलं असावं. दुसऱ्या दिवशी ते खुर्ची ओढून बसले आणि त्यांनी सगळं नीट सांगितलं. बॅटरी सुमारे दहा वर्षांची, तारा त्याहून अधिक काळ चालतात, दर काही महिन्यांनी तपासणी, आणि संपत आल्याची सूचना यंत्र स्वतःच आधी देतं. आजोबा लगेच म्हणाले, "मग चालेल."

त्या यंत्राची कुळकथा पुढं मी वाचली, आणि पाहते तर पुन्हा स्वीडनच! शरीरात बसवलेला पहिला पेसमेकर 8 ऑक्टोबर 1958 ला स्टॉकहोममध्ये आर्ने लार्सन या त्रेचाळीस वर्षांच्या रुग्णाच्या अंगात घातला गेला. रूने एल्मक्विस्ट यांनी तो बनवला, ओके सेनिंग यांनी शस्त्रक्रिया केली. तो काही तासांत बंद पडला. घंगाळ्याचा डावा काठ! पण लार्सन खचले नाहीत. आयुष्यात त्यांना वीसहून अधिक पेसमेकर लागले आणि ते 2001 पर्यंत, शहाऐंशी वर्षांचे होईपर्यंत जगले. यंत्र बनवणारा आणि ते बसवणारा या दोघांच्याही नंतर त्यांनी जगाचा निरोप घेतला. सुरुवातीच्या काळातल्या पाऱ्याच्या बॅटऱ्या दोनेक वर्षांत संपत. 1970 नंतर लिथियमच्या आल्या. त्यांचा मोठा गुण नुसता दीर्घायुष्याचा नव्हे; त्या हळूहळू, मोजता येईल अशा तऱ्हेनं मंदावतात. आपण जाणार हे त्या आगाऊ सांगतात. आजोबांच्या दृष्टीनं वस्तूच्या अंगी याहून थोर सद्गुण नाही.

तरी एक गोष्ट उरतेच. जाहिरातीत 'सरासरी आयुष्य एक लाख तास' असं लिहिलेलं असतं. एक लाख तास म्हणजे अकरा वर्षांहून थोडे जास्त. आपल्याला वाटतं, चला, अकरा वर्षांची निश्चिंती. पण बिघाड जर निव्वळ दैवयोगानं होत असतील, तर त्या लाख तासांपर्यंत शंभरातल्या त्रेसष्ट वस्तू आधीच गेलेल्या असतात. सरासरी सर्वांची असते. आपल्या हातातली वस्तू एकच असते. एका रात्री मी आजोबांना विचारलं, "तुम्ही सगळे आकडे जाणता. मग तुमचा पेसमेकर कधी बंद पडेल, हे सांगता येईल?" ते म्हणाले, "हजारांचं सांगता येतं बाळ. माझं नाही. शास्त्र तिथं हात जोडतं, आणि ते जोडतं म्हणूनच मी त्याच्यावर विश्वास ठेवतो."

2024 च्या उन्हाळ्यात तपासणीला गेलो तेव्हा यंत्रानं सूचना दिली होती. बॅटरी उतरत आली होती. बदलायला अवधी होता, घाई नव्हती. घरात सगळ्यांचे चेहरे उतरले, आजीनं देवापुढं सुपारी ठेवली. आजोबा मात्र एखाद्या जुन्या सहकाऱ्यानं शब्द पाळावा तसे खुशीत होते. ऑपरेशन सुरळीत झालं. तारा जुन्याच राहिल्या, डबी नवी बसली. शुद्धीवर आल्यावर त्यांचा पहिला प्रश्न होता, "जुनी कुठं आहे?"

मला वाटलं, तीही खणात जाणार, त्या स्टार्टरशेजारी. पण आजोबांनी डॉक्टरांना सांगितलं, "ती बनवणाऱ्यांकडं परत पाठवा. किती वर्षं चालली, कशी उतरली, त्यांना उघडून बघू दे. चांगली चाललेली वस्तू परत पाठवायला कुणाला सुचत नाही. मोडलेल्याच तेवढ्या परत जातात, आणि मग हिशेब चुकतो."

घरी आल्यावर मी त्यांच्या खणाकडं पाहिलं. स्टार्टरचा तो चिकटलेला तुकडा अजून तिथंच आहे. परवा मी या वर्षीच्या प्रकल्पासाठी वस्तीतल्या चाळीस घरांची पाहणी केली आणि निष्कर्षात 'गोखलेनगरमधील कुटुंबे' असं धडधडीत लिहून मोकळी झाले. आजोबांनी कागद वाचला, चष्मा काढला आणि काही न बोलता पेन्सिल माझ्या हातात दिली. मी ते वाक्य खोडलं आणि लिहिलं, 'पाहिलेल्या चाळीस कुटुंबांत'. खाली माझी सही केली.